९,४०० रुपयांची दुरुस्ती आणि ५० रुपयांचा सेल : सांगलीतील एका संगणक दुकानाचा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात चार-पाच हळद अडत्यांचे हिशेब मी माझ्या स्वतःच्या संगणकावर सांभाळतो. मार्च महिन्यात, सौदे जोरात असताना आणि जीएसटीचे ३-बी विवरणपत्र भरण्याची २० तारीख तीन दिवसांवर आलेली असताना, तो संगणक बंद पडला. बटण दाबले की पंखा फिरायचा, दिवा लागायचा, पण स्क्रीन काळीच राहायची. त्याआधी आठवडाभर त्याने आणखी एक खोड धरली होती. रोज सकाळी सुरू केला की तारीख मागे जाऊन २०१८ सालच्या १ जानेवारीवर बसलेली असे, आणि तारीख चुकल्यामुळे जीएसटीचे संकेतस्थळ उघडताना ब्राउझर सुरक्षिततेचा इशारा देत असे. या दोन्ही गोष्टी मी शहरातील ज्या दुकानात यंत्र नेले, तेथे नीट सांगितल्या होत्या.

काउंटरवरच्या मुलाने यंत्र एकदा चालू करून पाहिले, आत नेले आणि दहा मिनिटांत बाहेर येऊन सांगितले, "काका, बोर्ड गेलाय. हार्डडिस्कपण वीक झालीय. आता उघडलंच आहे तर एसएसडी टाकून घ्या, परत परत नको." बोर्ड म्हणजे संगणकाचे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात तो मदरबोर्ड, आणि एसएसडी म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क. खर्च किती येईल, असे विचारल्यावर "काम बघून सांगतो" एवढेच उत्तर मिळाले. विवरणपत्राला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर १८ टक्के दराने व्याज लागते, आणि येथे प्रश्न माझ्या एकट्याच्या विवरणपत्राचा नव्हता. मी होकार दिला. ग्राहकाच्या या घाईची किंमत दुकानदाराला अचूक कळते, हे मला पुढे समजले.

१९ तारखेला संध्याकाळी यंत्र परत मिळाले. हिशेब असा होता : तपासणी ५०० रुपये, मदरबोर्डची चिप-लेव्हल दुरुस्ती ४,२०० रुपये, नवी २५६ जीबी एसएसडी ३,८०० रुपये, सॉफ्टवेअर आणि डेटा ९०० रुपये, एकूण ९,४०० रुपये. हे सगळे दुकानाच्या पॅडवरील एका कागदावर पेनने लिहिलेले होते. त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता, एसएसडीचा सिरियल नंबर नव्हता आणि वॉरंटीचा उल्लेखही नव्हता. पक्के बिल मागितले तेव्हा "मग वर १८ टक्के पडतील" असे उत्तर आले. माझा दिवस बिले तपासण्यातच जातो, म्हणून ते उत्तर मला फार लागले. मी विचारले नसते तर माझी जुनी हार्डडिस्कही तेथेच राहिली असती. तिच्यात अडत्यांचा टॅलीचा सात वर्षांचा डेटा, पॅन क्रमांक आणि बँक खात्यांचे तपशील होते. ती "स्क्रॅपमध्ये टाकलीय" असे आधी सांगण्यात आले, आणि दोन खेपा घातल्यावर आतल्या टेबलाच्या खणातून निघाली.

रात्रभर बसून विवरणपत्रे भरली. आठव्या दिवशी सकाळी तारीख पुन्हा २०१८ च्या १ जानेवारीवर गेलेली होती.

या वेळी मी मिरजेतील एका कारागिराकडे गेलो. त्यांनी यंत्र माझ्यासमोर उघडले, बोर्डावरचा रुपयाच्या नाण्याएवढा गोल सेल काढला आणि मल्टिमीटरची टोके त्याला लावली. मीटरवर २.१ आला. हा सीआर-२०३२ सेल ३ व्होल्टचा असतो आणि संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचेच काम असते. तो उतरला की वीज बंद होताच तारीख मागे जाते, हा संगणक दुरुस्तीतला पहिला पाठ आहे. मग त्यांनी रॅमची, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची, पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवरून शाळेतला साधा खोडरबर हलकेच फिरवला आणि मला तो दाखवला. रबरावर काळपट रेघ उमटली होती. अशा मळाने रॅमचा संपर्क तुटला की पंखा फिरतो आणि स्क्रीन मात्र काळी राहते, असे त्यांनी सांगितले. दुकानात यंत्र सुरू झाले ते बहुधा रॅम काढून पुन्हा बसवल्यामुळेच झाले असावे, असेही त्यांचे मत पडले.

मदरबोर्डविषयी त्यांनी तोंडाने काहीच सांगितले नाही, फक्त टॉर्च मारून दाखवले. यार्डात हळकुंडांची धूळ सतत उडत असते आणि ती माझ्या यंत्रात वर्षानुवर्षे बसलेली आहे. बोर्ड कॅबिनेटला ज्या स्क्रूंनी जोडलेला असतो, त्या प्रत्येक स्क्रूच्या खाचेत पिवळी धूळ जशीच्या तशी भरलेली होती. चिप काढून बसवायची तर बोर्ड बाहेर काढावा लागतो, आणि बोर्ड बाहेर काढायचा तर त्या खाचांत पेचकस जावा लागतो.

त्यानंतर त्यांनी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवला. डिस्क एकूण किती तास चालली आहे, याची नोंद डिस्क स्वतःच ठेवते आणि हा प्रोग्रॅम ती दाखवतो. आठ दिवसांपूर्वी ‘नवी’ म्हणून बसवलेली माझी एसएसडी ९,४१२ तास चाललेली होती. चोवीस तास अखंड चालली असे धरले, तरी ते वर्षाहून अधिक होतात. माझी ‘वीक’ हार्डडिस्क मात्र त्याच प्रोग्रॅममध्ये ठणठणीत निघाली. सेलचे ५० आणि कामाचे १५० असे २०० रुपये त्यांनी घेतले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. दुरुस्तीचे पैसे जास्त लागले, ही माझी तक्रार नाही. दोष ओळखण्यामागे वर्षांचा अनुभव असतो. त्या दुकानाने "सेल उतरलाय, रॅम साफ केली, तुमची अडचण ओळखण्याचे ५०० रुपये" असे सांगितले असते, तर मी ते आनंदाने दिले असते. न केलेल्या कामाचे आणि वापरलेल्या वस्तूचे पैसे घेतले गेले, आणि ग्राहकाला आतले दिसत नाही या एकाच गोष्टीवर ते घेतले गेले, हे मला अजिबात मान्य नाही.

त्या दुकानातील बाकड्यावर भेटलेल्या माधवनगरच्या एका निवृत्त शिक्षकांकडून विंडोज पुन्हा टाकण्याच्या वेळी लायसन्सचे म्हणून ४,५०० रुपये घेतले होते. त्यांचा लॅपटॉप कंपनीच्या विंडोजसह विकत घेतलेला होता. अशा लॅपटॉपचे लायसन्स त्या यंत्राशीच जोडलेले असते, आणि तीच आवृत्ती त्याच यंत्रावर पुन्हा टाकताना ते विकत घ्यावे लागत नाही. गुरुजींना हे कोणी सांगितलेच नव्हते. विश्रामबागेत राहून शिकणाऱ्या एका मुलीने दुरुस्तीचा आकडा ऐकून लॅपटॉप परत मागितला, तेव्हा आधी न सांगितलेले ८०० रुपये तपासणी शुल्क दिल्याशिवाय तो तिच्या हातात देण्यात आला नाही.

म्हणून आता माझ्या अडत्यांना मी सांगतो की यंत्र आपल्यासमोर उघडायला लावा, आकडा कागदावर लिहून घेतल्याशिवाय होकार देऊ नका आणि काढलेला भाग, मग तो जळका का असेना, परत घ्या. डिस्क तर दुकानात कधीच ठेवू नका. पक्के बिल मागायला संकोचण्याचे कारण नाही, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापार प्रथाच मानलेली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

मी त्या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि एसएसडीच्या तासांची छापील प्रत घेऊन दुकानात गेलो. मालकांनी कागद दोनदा वाचला, "पोरांकडून चुकून जुनी लागली असेल" असे म्हणाले आणि एसएसडी ठेवून घेऊन ३,८०० रुपये परत दिले. बोर्डाच्या ४,२०० रुपयांबद्दल "ते काम झालंय" यावर ते ठाम आहेत. कोणती चिप बदलली हे पक्क्या बिलावर लिहून द्या, एवढेच मी त्यांच्याकडे मागितले आहे. तीन आठवडे झाले, ते बिल अद्याप मिळालेले नाही.