तिकीट स्वस्त, पण तारीख संपत आलेली

नवी पेठेतल्या एका एजंटाकडून खोपोलीजवळच्या थीम पार्कची चार तिकिटं घेतली. प्रत्येकी ४०० रुपये सूट, बोलणं गोड, तिकिटं लगेच व्हॉट्सॲपवर. रात्री मोठं करून वाचलं, तर खाली बारीक अक्षरात मुदत ३१ मे, तीही फक्त सोमवार ते शुक्रवार. आमचं हुतात्मा एक्सप्रेसचं आरक्षण ७ जूनचं! धाकटीने तर पोहायचे कपडेसुद्धा पिशवीत भरलेले.

सकाळीच दुकान गाठलं. एजंट म्हणतो, "मालक, सवलतीच्या तिकिटाला पैसे परत नसतात." हे पैसे घ्यायच्या आधी सांगायला हवं होतं. दोन हेलपाट्यांनंतर माणशी १५० जादा घेऊन तारीख बदलून दिली. मी दोनच तारे देतोय. पैसे देण्याआधी मुदत आणि वार दोन्ही त्याच्याकडून लिहून घ्या.