नडगीवरचा बाह्य फिक्सेटर: साडेचार महिन्यांनंतरचा अनुभव

जानेवारीत एरंडोलजवळ मोटारसायकलवरून पडलो तेव्हा उजव्या नडगीचे हाड कातडी फाडून बाहेर आले होते आणि जखमेत माती भरली होती. त्यानंतर साडेचार महिने बाह्य फिक्सेटर, म्हणजे कातडीतून हाडात घातलेल्या पिनांनी मोडलेले हाड बाहेरून धरून ठेवणारी चौकट, पायावर वागवला. या काळात माझा सर्वाधिक छळ तिसऱ्या पिनेच्या छिद्राने केला, म्हणून बहुतेक त्याविषयीच लिहितो.

आरंभी मी फिक्सेटरवरच नाराज होतो. शेजारच्या मुलाच्या मोडलेल्या पायात आतून सळई घातली होती. मला मात्र स्वस्तातला उपचार दिला, असे वाटत राहिले. ते मत मी सोडले आहे. उघड्या, म्हणजे कातडी फाटलेल्या फ्रॅक्चरमध्येही सळई अनेकदा घालतात; परंतु अशा फ्रॅक्चरच्या गुस्टिलो आणि अँडरसन यांच्या १९७६च्या वर्गवारीप्रमाणे माझी जखम तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीची होती, आणि इतक्या मातीच्या जखमेत धातू ठेवला तर जंतू त्यावर ठाण मांडतात. फिक्सेटरच्या पिना जखमेपासून दूर बसतात, त्यामुळे जखम पुन्हा पुन्हा धुता आली. नडगीच्या आतल्या अंगाला हाडावर केवळ कातडी असते. ती गेल्यामुळे पोटरीचा स्नायू फिरवून हाड झाकावे लागले. ग्रामीण रुग्णालयात तासाभराच्या आत प्रतिजैविकाचे इंजेक्शन मिळाले होते, त्याचे मोल मला उशिरा कळले.

राग आहे तो घरी सोडताना दिलेल्या कागदाचा. त्यावर ‘रोज ड्रेसिंग’ एवढे दोनच शब्द होते. एप्रिलच्या उन्हात घामाने पट्टी भिजू लागली, आईने मायेने हळद लावली, आणि आठवड्याभरात तिसऱ्या पिनेभोवती लाली, ठणका व पू दिसला. फोन केला तर “ओपीडीच्या दिवशी या” असे उत्तर मिळाले. तीन दिवसांनी गेलो तेव्हा पिन सैल झालेली होती; ती काढून दुसऱ्या जागी नवी घालावी लागली आणि तो खर्चही माझ्याच माथी आला.

पिनांची निगा मला अखेर तालुक्याच्या दवाखान्यातील सिस्टरांनी शिकवली: हात धुवावेत, प्रत्येक पिनेला सलाइनमध्ये भिजवलेला वेगळा गॉज वापरावा, हळद, तूप, पावडर काहीही लावू नये. पातळ, पाण्यासारखा स्राव थोडाफार चालतो. पू, वाढती लाली किंवा पिनेचे हलणे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हे शिकायला दहा मिनिटे लागली. सर्जनच्या सांगण्यावरून तंबाखूही सोडली, कारण तिच्यामुळे हाड जुळायला उशीर होतो.

फिक्सेटर जूनमध्ये निघाला. आता पट्ट्यांचा ब्रेस आणि काठी आहे. बाकीची छिद्रे बुजली. तिसऱ्याच्या जागी खोल, काळसर खळगा राहिला असून तो अजून दुखतो.