२००२ ची होंडा ४००ईएक्स: परफॉर्मन्स वाढवल्यावर अख्खा सीझन चालवून आलेला अनुभव

एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे मिशिगनमधल्या सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकड्यांचा पूर्ण सीझन चालवून झाल्यावर हे लिहितोय. डेट्रॉईटच्या आसपास आपले बरेच जण ऑटो कंपन्यांमध्ये आहेत, जुनी स्पोर्ट क्वाड (वाळूत, ट्रेलवर पळवायची चार चाकांची बाईक) घेऊन हिवाळ्यात गॅरेजमध्ये खटपट करावी असं त्यातल्या काहींच्या तरी मनात असणार, त्यांना उपयोग व्हावा.

गाडी म्हणजे होंडा टीआरएक्स ४००ईएक्स. हे मॉडेल १९९९ ला आलं, ३९७ सीसी, एअरकूल्ड, सिंगल सिलेंडर, चार व्हॉल्व्ह, होंडाच्याच एक्सआर४००आर बाईकच्या घराण्यातलं इंजिन. कार्ब्युरेटर आहे, पाच गिअर, रिव्हर्स नाही. रिव्हर्स २००५ पासून आला, आणि तो नसणं म्हणजे काय हे वाळूच्या खड्ड्यात पुढचं चाक रुतलं की कळतं, खाली उतरून मागचा बार धरून १७० किलोचं धूड हाताने ओढायचं. तरी मला हेच मॉडेल हवं होतं कारण इंजिन दणकट आहे आणि रेडिएटर, पंप, होसपाईप यातलं काही मागे लागत नाही.

मागच्या नोव्हेंबरात १,९०० डॉलरला घेतली. चालू होती, पण चौथ्या गिअरला चढावर दम सोडायची, हाफ थ्रॉटलला मिसिंग, आणि सकाळी स्टार्ट व्हायला बॅटरी अर्धी संपायची. डोक्यात पहिल्या दिवसापासून मोठा पिस्टन आणि कॅमच (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) होता पण हिवाळाभर एकही परफॉर्मन्स पार्ट घेतला नाही, आधी गाडी मुळात होती तशी करायची ठरवलं, आणि मनापासून सांगतो, सगळ्यात मोठा फरक तिथेच पडला.

पहिली चोरी सापडली ती कार्ब आणि हेडच्या मधल्या रबरी बूटमध्ये. गाडी आयडलिंगला ठेवली आणि बूटच्या भोवती कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारत गेलो, खालच्या बाजूला आल्यावर इंजिनचा आवाज एकदम चढला. म्हणजे तिथून हवा ओढत होती. बाहेर काढून वाकवलं तर केसाएवढी चीर, न वाकवता दिसतच नव्हती. या हवेमुळे मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं, आणि आपण मात्र जेट, म्हणजे कार्बमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक तोट्या, बदलत बसतो. दुसरं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावरची फट. थंड इंजिनवर इनटेकला ०.१० आणि एक्झॉस्टला ०.१२ मिमी फट लागते, माझ्या एक्झॉस्टला ०.०५ चं मापायचं पातं पण जेमतेम जात होतं, म्हणजे व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता आणि कॉम्प्रेशन गळत होतं. अर्ध्या तासाचं काम, सकाळच्या स्टार्टिंगचा त्रास तिथेच संपला.

ऑइलबद्दल एक गोष्ट, कारण यात बरेच जण चुकतात. हे ड्राय संप इंजिन आहे, ऑइलची टाकी वेगळी. गाडी उभी राहिली की ऑइल हळूहळू खाली इंजिनात उतरतं आणि थंड गाडीची ऑइल मापायची दांडी काढून बघितली की कमी दिसतं, मग माणूस वर ओततो आणि जास्त होतं. गाडी गरम करा, काही मिनिटं आयडलिंगला ठेवा, बंद करून लगेच दांडी बघा.

मार्चमध्ये स्लिप-ऑन सायलेन्सर (मूळ पाईप तसाच ठेवून नुसता मागचा डबा बदलायचा) लावला, एअरबॉक्सचं, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण काढलं, फोमचा फिल्टर टाकला आणि जेट बदलले. हे सगळं मिळून एकच काम आहे असं समजा. नुसता सायलेन्सर लावून सोडला तर आवाज वाढतो आणि इंजिन आणखी पातळ चालतं, ताकद नाही वाढत. जेटिंगला मला तीन शनिवार लागले. सुरुवातीचा थ्रॉटल पायलट जेट आणि फ्युएल स्क्रू बघतो, मधला नीडल (कार्बमधली सुई), आणि पूर्ण उघडल्यावर मेन जेट, त्यामुळे थ्रॉटलवर टेपच्या खुणा केल्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली. फुल थ्रॉटलला ओढायचं, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून रंग बघायचा. पहिला प्लग पांढराफटक निघाला, दोन साईज वर गेलो तर काळा मखमली, एक खाली आणल्यावर भाजलेल्या पावासारखा तपकिरी आला. मार्चच्या थंडीत जमवलेलं हे गणित जुलैत जड (पेट्रोल जास्त) वाटायला लागलं कारण गरम हवा विरळ, तेव्हा मेन जेट अजून एक साईज लहान केला. इथल्या हवेत वर्षातून दोन जेटिंग धरूनच चाला.

आवाजाचंही बघा. मिशिगनमध्ये १९८६ पासूनच्या गाड्यांना ९४ डेसिबलची मर्यादा आहे, मे महिन्यात तपासणीत माझी ९७ भरली आणि तो दिवस वाया गेला. सायलेन्सरच्या आतलं पॅकिंग जळून गेलं होतं. नवीन भरल्यावर ९३ आली, आणि खालच्या आरपीएमचा ओढा पण सुधारला.

आता मोठ्या पिस्टनची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागली. मूळ बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ८५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७०, बोअर ८७ केला की ४१६ सीसी होते आणि मूळ स्लीव्हमध्येच (सिलेंडरचं आतलं अस्तर) बसतं, ४४० ला स्लीव्ह बदलावी लागते म्हणून तिकडे गेलोच नाही. जूनमध्ये हाय कॉम्प्रेशन फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) पिस्टन घेतला, सिलेंडर एका मशीन शॉपला बोअरिंगला दिला, इंजिन उघडलंच आहे तर मूळ व्हॉल्व्ह स्प्रिंगवर चालणारी माइल्ड कॅम पण टाकली. ब्रेक-इन, म्हणजे नवीन इंजिन हळूहळू रुळवणं, नीट केलं, तीन वेळा तापवून थंड केलं. आणि वाळूत विसाव्या मिनिटाला गाडी अशी वाटली की कोणीतरी मागून ब्रेक लावतंय, क्लच दाबला तोवर इंजिन बंद. थंड झाल्यावर सुरू झाली पण खरखर यायला लागली होती.

रात्री कोल्हापूरला काकांना फोन केला. त्यांचं आयुष्य उद्यमनगरात बोअरिंग मशीनवर गेलंय. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अरे, सिलेंडर हातात आल्यावर तू स्वतः मापलास काय?" नव्हता मापला. शॉपवर विश्वास ठेवून बसवला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून बोअर गेज आणला आणि पिस्टन मायक्रोमीटरने मापला, दोन्हींमधली फट निघाली ०.०३ मिमी, पिस्टनसोबतच्या कागदावर ०.०५ लिहिलेली. फोर्ज्ड पिस्टन गरम झाल्यावर मूळच्या कास्ट (ओतीव) पिस्टनपेक्षा जास्त फुगतो, म्हणून त्याला फट जास्त द्यावी लागते. पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या भागावर) दोन्ही बाजूंनी उभे ओरखडे, सिलेंडरवर मात्र ॲल्युमिनियम नुसतं चिकटलेलं होतं, म्हणून वाचला. त्या शॉपने कागद बघितला होता, मी सिलेंडरला चिकटवूनच दिला होता, तरी जबाबदारी घेतली नाही याचं मला अजून वाईट वाटतं. दुसरीकडून होन करून (आतून बारीक घासून) ०.०५ ला आणला, त्याच साईजचा नवीन पिस्टन टाकला, रिंगचा गॅप स्वतः तपासला. ऑगस्टपासून आजपर्यंत तक्रार नाही, ऑइल पीत नाही, ९३ ऑक्टेनवर नॉकिंग नाही.

फरक किती? सिल्व्हर लेकला टेस्ट हिल म्हणून उभा चढ आहे. एप्रिलमध्ये पॅडल टायर (वाळूसाठीचे वल्ह्यासारख्या पट्ट्यांचे टायर) लावून तिसऱ्या गिअरला शेवटच्या टप्प्यात गुदमरायची. आता पुढचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १५ चा १४ दाती केलाय (मागे मूळचाच ३८) आणि ४१६ वर तीच चढण तिसऱ्यात खेचत वर जाते, माथ्यावर थ्रॉटल सोडावा लागतो. सरळ रस्त्याचा टॉप स्पीड थोडा कमी झाला असेल, वाळूत त्याची गरज पडली नाही.

पण मला पुन्हा एकच गोष्ट करायला मिळाली तर ती शॉक (शॉक ॲब्सॉर्बर). मागचा रिबिल्ड केला, पुढचे सेकंडहँड आफ्टरमार्केट घेतले आणि माझ्या ८२ किलो वजनाप्रमाणे स्प्रिंग बदलल्या. होली ओक्स या ऑफ-रोड पार्कच्या खडबडीत ट्रॅकवर आधी एका तासात मनगटं भरून यायची, आता तीन तास चालवून घरी येऊन पोरांशी खेळता येतं. त्याच वळणात मी आता अख्खा एक गिअर वर असतो, हे इंजिनने नाही दिलं. मागचा ॲक्सल रुंद करायचा मोह झाला होता पण इथल्या जंगलातल्या ट्रेलला ५० इंचांची मर्यादा आहे, म्हणून रुंदी त्याच्या आतच ठेवली.

खर्च: इंजिन दुसऱ्या पिस्टनसकट ७८०, शॉक ५५०, सायलेन्सर २६०, वापरलेले पॅडल टायर रिमसकट २२०, चेन-स्प्रॉकेट १३०, जेट ३०. एकूण १,९७० डॉलर, म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा थोडे जास्तच. माझ्याकडे एवढे पैसे नसते तर बूट, टॅपेट, जेटिंग, मग शॉक, मग १४ दाती स्प्रॉकेट याच क्रमाने गेलो असतो आणि पिस्टनला हात लावला नसता.

उरलेली कुरकुर एवढीच की कॅममुळे आयडलिंग थोडं उड्या मारतं आणि एअरबॉक्सचं झाकण नसल्याने फिल्टर दर राईडनंतर धुऊन ऑइल लावावा लागतो, एकदा कंटाळा केला तर आतल्या तोंडाशी बारीक वाळू सापडली होती, त्यानंतर सुका ठेवला नाही. परवा कार्बचं पेट्रोल काढून टाकलंय, इथल्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने हिवाळ्यात पायलट जेट बंद होतो. बॅटरी घरात आणून ठेवलीय, आणि पुढच्या शनिवारी टॅपेट परत बघणार.