मॅन पेज की टीएलडीआर?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत लिनक्स शिकणाऱ्या पोरांचा नेहमीचा प्रश्न: अडलं तर ‘मॅन’ (कमांडची सविस्तर माहिती-पानं) उघडायचं की ‘टीएलडीआर’ (थोडक्यात उदाहरणं देणारी पानं)?

‘मॅन’मध्ये सगळं असतं, पण हवं ते सापडत नाही. ‘प्रिंटएफ’ हे नाव दोन ठिकाणी आहे: ‘मॅन प्रिंटएफ’ टाकलं की शेलची, म्हणजे टर्मिनलवर चालणारी, कमांड समोर येते. सी भाषेतलं फंक्शन हवं तर ‘मॅन 3 प्रिंटएफ’ (3 म्हणजे मॅनचा तिसरा विभाग). उबुंटूवर त्यासाठी ‘मॅनपेजेस-डेव्ह’ पॅकेजही लागतं. नवख्याला हे आधी सांगायलाच हवं! कमांडचं नाव माहीत नसेल तर ‘मॅन -के’पुढे विषयाचा इंग्रजी शब्द द्या.

‘टीएलडीआर’ थेट उदाहरणं देतं. टारची (अनेक फाइल्स एकत्र बांधलेली) फाइल उलगडायला तेवढं पुरतं. सगळे पर्याय मात्र तिथे नसतात. पानं एकदा नेटवरून उतरवून ठेवावी लागतात.

रोजच्या कमांडसाठी टीएलडीआर. सी शिकणाऱ्याला आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला मॅनच.