साठीनंतरच्या बायकांसाठी व्हिटॅमिन डी३: कोणता प्रकार घ्यावा, ताकद कुणाची वाढते

‘स्नायूंच्या बळकटीसाठी’ असं डब्यावर मोठ्या अक्षरांत असतं. ते अर्धंच खरं आहे. रक्तातलं २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (शरीरातल्या डीचा साठा दाखवणारी नेहमीची रक्तचाचणी) दर मिलीला १२ नॅनोग्रॅमच्या खाली गेलं की मांड्या आणि कंबरेचे स्नायू दुबळे होऊ लागतात. खुर्चीतून उठताना हाताचा रेटा द्यावा लागतो, जिना जड जातो. अशा बाईला डी३ने फरक पडतो, तोही हळूहळू, काही महिन्यांत. पातळी आधीच २०च्या वर असेल तर गोळीने ताकद वाढेल ही आशा धरू नये.

आमची पहिली पसंती रोजच्या ८०० ते १००० युनिटच्या साध्या कॅप्सूलला. (मायक्रोग्रॅममध्ये लिहिलं असेल तर ४०ने गुणा.) जेवणातल्या तेलातुपाबरोबर ती नीट शोषली जाते, उपाशीपोटी घेऊ नये. आवरण बहुधा जिलेटिनचं असतं, शाकाहारी मंडळींनी लेबल वाचावं.

थेंबांची बाटली गिळायला त्रास होणाऱ्यांना सोयीची, पण काहींत ४०० युनिट एका थेंबात असतात, तर काहींत एका मिलीत. ड्रॉपर भरून दिला की घोटाळा.

आठवड्याची ६०,००० युनिटची पावडर कमतरता भरून काढायला ठीक, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांपुरतीच. चुकून रोज घेतली की सात दिवसांत ४,२०,००० युनिट पोटात जातात. मग मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, गोंधळलेपण. वर्षातून एकदाच मोठा डोस देणं तर सरळ बाद. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत सत्तरीपुढच्या २,२५६ बायका होत्या. वर्षाला ५ लाख युनिट घेणाऱ्या गटात पडण्याचं प्रमाण १५ टक्के आणि हाडं मोडण्याचं २६ टक्के जास्त निघालं.

कॅल्शियमच्या गोळीतही बहुतेकदा डी३ असतं, ते हिशेबात धरा. अल्फाकॅल्सिडॉल (डीचंच जवळजवळ तयार रूप असलेलं औषध) ही मात्र वेगळी गोष्ट. ते २५-हायड्रॉक्सीच्या रक्तचाचणीत दिसत नाही, त्यामुळे ‘पातळी अजून कमीच’ म्हणून वर डी३चे मोठे डोस चढवले जातात आणि रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मुतखडा झालेला असेल किंवा थायझाइड गटातली बीपीची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

गुण आला का, हे नुसत्या रक्तावरून ठरवू नका. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून सलग पाच वेळा उठा-बसा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पाय कमजोर. हीच मोजणी आणि रक्त तीन महिन्यांनी पुन्हा. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर ते लॅबला आधी सांगा, काही यंत्रांवर त्याने आकडा खोटा वाढतो. पातळी ३०वर आली आणि सेकंद तेवढेच राहिले, तर डोस वाढवून उपयोग नाही. तिथे उठ-बशीचा रोजचा व्यायाम आणि जेवणातली प्रथिनं बघायची.