आरटीआय ऑनलाइन पोर्टल: मराठवाड्यातल्या अर्जदाराच्या किती कामाचं?

महाराष्ट्र शासनाच्या आरटीआय (माहिती अधिकार) ऑनलाइन पोर्टलवर अर्ज भरण्याआधी एवढंच बघा, की हवा असलेला कागद नेमका कोणत्या कार्यालयाच्या कपाटात आहे. मंत्रालय, जिल्हाधिकारी कार्यालय किंवा जिल्हा परिषदेत असेल तर पोर्टल बिनदिक्कत वापरा. पोर्टलच्या यादीत नसलेल्या कार्यालयाचा अर्ज मात्र परत येतो आणि भरलेलं शुल्क बुडतं. ग्रामपंचायतीसाठी आजही जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप आणि पोच हाच खात्रीचा रस्ता आहे.

पोर्टलचं खरं मोल तारखेत आहे. १० रुपये भरले की नोंदणी क्रमांक मिळतो आणि ३० दिवसांची मुदत कुणाला नाकारता येत नाही. किनवटच्या माणसाचा नांदेडला जाऊन आवक शाखेत शिक्का मारून घेण्यात अख्खा दिवस जातो, तो वाचतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखला जोडला की शुल्क लागत नाही. पैसे कापले गेले आणि क्रमांक आलाच नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. एक-दोन दिवस थांबा, बँकेची नोंद जपून ठेवा.

बहुतेक अर्ज फसतात ते मजकुरात. मर्यादा १५० शब्दांची आणि अर्जात विषय एकच. "आमच्या गावाला टँकर का आला नाही?" असं विचारलं की हमखास नकार येतो, कारण माहिती अधिकाऱ्याने अभिलेखात आहे ते द्यायचं असतं, कारणमीमांसा नव्हे. त्याऐवजी असं लिहा: "१ मार्च ते ३१ मे या काळात अमुक गावासाठी मंजूर झालेल्या टँकरचे आदेश, फेऱ्यांची नोंदवही, जीपीएस अहवाल आणि अदा केलेली देयके यांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात." गाव, काळ आणि कागदाचं नाव, तिन्ही हवेत. "संपूर्ण माहिती द्यावी" हे शब्द तर लिहूच नका. माहिती विस्तृत आहे, असं उत्तर देण्याची सोय आपणच करून देतो.

"हा विषय आमच्याकडे नाही" एवढंच उत्तर आलं तर ते कायद्याला धरून नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत अर्ज संबंधित कार्यालयाकडे वर्ग करायचा असतो. प्रतींसाठी पानाला २ रुपये लागतात. पैसे भरा असं पत्र निघाल्यापासून तुम्ही ते भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणून भरायला उशीर नको. मुदत उलटून गेल्यावर मात्र माहिती फुकट द्यावी लागते, कलम ७(६).

लाभार्थ्यांची नावं मागितली की हल्ली वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम ८(१)(जे) पुढे केलं जातं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने हे कलम आणखी कडक केलं आणि रोजगार हमीच्या विहिरींचा हिशोब तपासणाऱ्यांचं यात मोठं नुकसान आहे. तरी कलम ८(२) मधला व्यापक जनहिताचा आधार शाबूत आहे, त्याचा उल्लेख अर्जातच करा. नावांऐवजी मोजमाप पुस्तिका आणि देयकं मागितली तरी बराच उलगडा होतो.

आणखी एक सोय फार थोड्यांना माहीत असते. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहता येतात. आधी फाइल बघा, हवी ती पानं टिपून घ्या, मग तेवढ्याचाच अर्ज करा. पोर्टलवर याचा ठळक उल्लेख असायला हवा.

पहिलं अपील २० रुपयांचं, उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत. दुसरं ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. मराठवाड्यासाठी खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे आणि तिथे सुनावणीसाठी दीर्घकाळ थांबावं लागतं. दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० असा दंड आयोगच लावू शकतो. त्यामुळे पोर्टलवरच्या अर्जाची, पावतीची आणि प्रत्येक उत्तराची छापील प्रत पहिल्या दिवसापासून एका फाइलीत लावत चला. दुसऱ्या अपिलाला हे सगळे कागद जोडावे लागतात.