बीजिंगची प्रायव्हेट गाईड टूर, कोल्हापूरकरांसाठी
आई-बाबांना घेऊन ग्रुपच्या झेंड्यामागं पळण्यापेक्षा प्रायव्हेट गाडी अन् गाईड घेतला ते लई बरं झालं. सकाळी फॉरबिडन सिटी, म्हणजे चीनच्या बादशहांचा जुना राजवाडा, १४२० साली बांधून झालेला, तिथं अंगणात मोठमोठी धातूची पिंपं आहेत, आग लागली तर म्हणून त्यात पाणी भरून ठेवायचे आणि थंडीत गोठू नये म्हणून खाली जाळ घालायचे, गाईडनं सांगितलं नसतं तर आम्ही नुसते फोटो काढून पुढं गेलो असतो. दुपारी चीनच्या प्रसिद्ध भिंतीचा मुतियान्यू इथला भाग. केबल कार होती म्हणून बाबांचे गुडघे वाचले, पण वरच्या पायऱ्या एक वीतभर तर दुसरी गुडघ्याएवढी, पन्हाळ्यावर पळणाऱ्यालाबी दम लागंल! जेवण मात्र यथातथाच, व्हेज सांगूनबी घोळ झालाच. पासपोर्ट जवळ ठेवा, सोमवार टाळा आणि शॉपिंगच्या दुकानात नेणार नाही हे बुकिंगलाच लिहून घ्या.